शहराचा हिशेब कोणी मागावयाचा?

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या आणि लोकनियुक्त प्रतिनिधी सभागृहात परतले. काही शहरांत २०२० पासून, तर मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार चालू होता. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी नगरसंस्थेची निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना स्पष्ट शब्दांत सांगते. तरीही सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये कालमर्यादा घालून द्यावी लागली, तेव्हा कोठे मतदान झाले. परंतु याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, या दीर्घ काळात नागरिकांनी फारशी खंत केली नाही. नळाला पाणी येत होते, कचऱ्याची गाडी येत होती, रस्त्यावरचे दिवे लागत होते. मग नगरसेवक नसल्याने बिघडले काय, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून मोकळेपणाने विचारला जात होता. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

बिघडले ते हिशेबाचे. महानगरपालिकेचा अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडावा, स्थायी समितीने तो तपासावा आणि सर्वसाधारण सभेने चर्चा करून मंजूर करावा, अशी रीत आहे. प्रशासकाच्या काळात या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या. मांडणारा तोच, तपासणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. अधिकारी कितीही सचोटीचा असला, तरी आपल्याच हिशेबाचे लेखापरीक्षण आपणच करावयाचे, ही व्यवस्था एखाद्या सहकारी पतपेढीच्या सभासदांनीही मान्य केली नसती. ती हजारो कोटी रुपयांचा खर्च करणाऱ्या महानगरांनी मान्य केली. कारण हा हिशेब आपला आहे, ही जाणीवच आपल्यात क्षीण झाली आहे. ती का झाली, हे पाहण्यासाठी प्रथम महानगरपालिकेच्या तिजोरीकडे वळावे लागेल.

पैसा कोठून येतो?

एके काळी महाराष्ट्रातील शहरांचा मुख्य आधार जकात हा होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा कर चांगला नव्हता. नाक्यावर मालमोटारी खोळंबत, भ्रष्टाचाराला वाव मिळे आणि मालाची किंमत वाढे. त्यामुळे त्याच्या जागी स्थानिक संस्था कर आला. पुण्यात तो एप्रिल २०१३ पासून लागू झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतील जकातही गेली. बदल्यात राज्य सरकारने कायदा करून महानगरपालिकांना दरवर्षी आठ टक्के वाढीने भरपाई देण्याचे मान्य केले.

भरपाई मिळते, मग तक्रार कशाची? तक्रार रकमेची नाही, नात्याची आहे. जो पैसा शहरातून गोळा होतो, त्याचा जाब शहरात द्यावा लागतो. जो पैसा मंत्रालयातून येतो, त्यासाठी मंत्रालयाकडे पाहावे लागते. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. उत्पन्नाचा मोठा भागही आता तेथूनच येतो. साहजिकच महानगरपालिकेची नजर वर लागते आणि खाली उभ्या असलेल्या नागरिकाकडे पाठ होते.

शहराच्या हाती उरलेले प्रमुख साधन म्हणजे मालमत्ता कर. परंतु त्यालाही लोकप्रियतेचा मोह सुटत नाही. मुंबईत २०२२ च्या आरंभी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घरात राहणाऱ्यास दिलासा मिळाला, याबद्दल दुमत नाही. पण माफीचा दुसरा परिणाम असा की, आपण शहराला काही देतच नाही, मग विचारावे कोणत्या तोंडाने, असे नागरिकाला वाटू लागते. वस्तुतः हा समज चुकीचा आहे. साबणाच्या वडीपासून पायातल्या चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीत तो कर भरतच असतो आणि जकातीची भरपाईही अखेर जनतेच्याच करातून दिली जाते. घराचे बिल न येणारा भाडेकरू, वस्तीतील मजूर, वसतिगृहातील विद्यार्थी हे सारेच या तिजोरीचे भागीदार आहेत. फक्त त्यांना तशी पावती मिळत नाही.

दिसणारे काम आणि न दिसणारी गरज

जेथे हिशेब मागणारा नसतो, तेथे खर्च कोणत्या दिशेला जातो, हे समजण्यास मोठ्या ग्रंथांची आवश्यकता नाही. आपल्या गल्लीतून एक फेरी मारली तरी पुरे. प्रस्तुत लेखक राहतो त्या गल्लीत रस्त्याचे सिमेंट काँक्रीटीकरण झाले. वर्ष उलटण्यापूर्वी जलवाहिनीसाठी तोच रस्ता फोडण्यात आला, पुन्हा बुजविण्यात आला आणि काही महिन्यांनी केबलसाठी पुन्हा उकरण्यात आला. प्रत्येक वेळी निविदा निघाली असेल, मोजमाप झाले असेल, बिलही निघाले असेल. कागदोपत्री तिन्ही कामे निर्दोष असतील. फक्त त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता आणि तो आहे काय, हे विचारण्याचे स्थान रहिवाशांना ठाऊक नव्हते.

पुण्यात नगरसेवकांनी सुचविलेल्या कामांच्या तरतुदीला ‘स’ यादी म्हणतात. अन्य शहरांत नावे वेगळी असतील, प्रकार तोच. या पैशातून कोणती कामे होतात? बाके, नामफलक, कमानी, सुशोभीकरण, कापडी पिशव्या. ही सारी कामे निरुपयोगी असतात, असे नाही. वृद्धांना बसावयास बाक हवेच. पण या कामांचा विशेष गुण असा की, त्यांवर नाव रंगविता येते. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळीवर नाव रंगविता येत नाही. तेथील गळती थांबविली, तर मतदाराला ती दिसत नाही. न थांबविली, तर चार वर्षांनी कावीळ दिसते, आणि तेव्हा कोणाला दोष द्यावा हे कळत नाही. दिसणाऱ्या कामाला मागणी आणि न दिसणाऱ्या गरजेला कोणी वाली नाही, हे नगरसेवकांच्या नीतिमत्तेपुरते दुखणे नव्हे. मतदाराला जेवढी माहिती मिळते, तेवढ्यावरच तो मत देतो. म्हणून माहितीची व्यवस्था बदलल्याखेरीज खर्चाची दिशा बदलणार नाही.

कायदा आहे, सभा नाही

ही व्यवस्था बदलण्यासाठी नवा कायदा हवा, असेही नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. महाराष्ट्राने त्या स्थापन केल्या. पण अनेक प्रभाग एकत्र करून. तेथे नगरसेवक व अधिकारी बसतात आणि स्वयंसेवी संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींना जागा असते. सामान्य रहिवाशाला ही समिती कोठे आणि केव्हा भरते, याची कल्पनाही नसते.

पुढे, केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानातील अट म्हणून, २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. खेड्यात जशी ग्रामसभा, तशी शहरात काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांची सभा, ही कल्पना उत्तम होती. ग्रामसभेविषयी आपण पाठ्यपुस्तकात शिकवितो. क्षेत्रसभेस आपल्यापैकी किती जण हजर राहिले आहेत? बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. दरम्यान प्रभाग मात्र फुगत गेले. पुण्यात आज ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून येतात. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबानेही एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून अधिक लोक येतात. चार-पाच प्रतिनिधी एकत्र निवडले की, श्रेय चौघांचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

याच पुण्याने २००६-०७ मध्ये एक वेगळी वाट चोखाळली होती. नागरिकांनी अर्ज भरून आपल्या भागातील लहान कामे सुचवावीत आणि त्यांचा समावेश अर्थसंकल्पात व्हावा, असा हा सहभागी अर्थसंकल्पाचा उपक्रम होता. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये घालून दिलेला हा पायंडा. पुण्याचा प्रयोग मोलाचा होता, पण अपुरा. नागरिकाने अर्ज करावयाचा, निवड इतरांनी करावयाची आणि काम झाले की नाही, हे त्याला शेजाऱ्याकडून कळावयाचे. म्हणजे तो पुन्हा अर्जदारच राहिला. शिवाय अर्ज भरण्यास सवड आणि सवय असते ती सोसायटीत राहणाऱ्या सुशिक्षितांना. पदपथाची मागणी अर्जात येते, वस्तीतील सामायिक शौचालयाची येतेच असे नाही. सहभागाचे दार उघडताना त्यातून कोण आत येऊ शकतो, हेही पाहिले पाहिजे. सभा सकाळी अकरा वाजता ठेवली, तर धुणेभांडी करणारी बाई आणि कारकून दोघेही बाहेरच राहणार.

चार साध्या मागण्या

नव्या सभागृहांकडे म्हणून चार मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली, क्षेत्रसभांच्या वर्षभराच्या तारखा आधी जाहीर कराव्यात आणि त्या सभा संध्याकाळी किंवा रविवारी घ्याव्यात. दुसरी, प्रत्येक प्रभागाचा जमाखर्च सोप्या मराठीत, तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती अशा दोन रकान्यांत, दरवर्षी छापावा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अशी माहिती न मागताच देण्याचे कर्तव्य सांगितलेलेच आहे. तिसरी, प्रत्येक कामाच्या जागी ठेकेदाराचे नाव, रक्कम आणि दुरुस्तीची हमी किती वर्षांची, हे लिहिलेला फलक असावा. चौथी, बिल देण्यापूर्वी त्या गल्लीतील दोन रहिवाशांना मोजमाप पुस्तिका दाखवून त्यांचा अभिप्राय नोंदवावा. यांपैकी एकाही मागणीला मोठा निधी लागत नाही.

पण मागणी करणारा कोण, हा प्रश्न उरतोच. आपण शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांना आकडे वाचता येतात. घरखर्चाची वही दर महिन्याला लिहिणारा मध्यमवर्ग शहराच्या वहीकडे मात्र ढुंकून पाहत नाही. रस्ता झाडण्याच्या एक दिवसाच्या मोहिमेत आपण उत्साहाने सामील होतो, छायाचित्रही काढून घेतो. श्रमदान वाईट नाही. पण नागरिकाने केवळ फुकटचा मजूर व्हावे आणि खर्चाचे निर्णय इतरांनी घ्यावेत, याला सहभाग म्हणता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुले यांनी व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावाला एकट्याने विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. परंतु हा पैसा कोणाचा आणि तो कशावर जावा, हा प्रश्न सभागृहात विचारला गेला, हे महत्त्वाचे. आज कमानी आहेत, स्वागतेही आहेत. तो प्रश्न आपल्या गल्लीतून सभागृहापर्यंत पोहोचविण्याचे काम मतदानाच्या दिवशी संपत नाही. ते त्यानंतर सुरू होते.