डब्यावरचे दहा किलोमीटर

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल दौलताबादच्या किल्ल्यावर गेली होती. बासष्ट मुले, चार शिक्षक आणि दोन वॉकीटॉकी. वॉकीटॉकी आम्हीच हौसेने ऑनलाइन मागवले होते. डब्यावर ठळक अक्षरांत छापले होते: सिटीझन बँड, परवान्याची गरज नाही, रेंज 10 किलोमीटरपर्यंत. आम्हाला वाटले, किल्ल्याचा पसारा तो केवढा? दहा किलोमीटरचा सेट हातात असल्यावर काळजी कसली? एक सेट आम्ही पुढच्या तुकडीबरोबर ठेवला, दुसरा मागच्या तुकडीच्या शिक्षिकेकडे दिला. महाकोट दरवाजाजवळ दोन्ही चालवून पाहिले. आवाज अगदी स्वच्छ येत होता. मुले खूश, आम्हीही खूश.

आम्ही पुढच्या तुकडीला घेऊन बारादरीपर्यंत चढलो. मागची तुकडी येता येईना. सेटचे बटण दाबून हाका मारल्या. उत्तरात नुसती खरखर. एक मुलगा म्हणाला, "टीचर, आवाज नै आ रा." आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, काही अडचण असती तर त्यांनी कळवले असते. सेट आहे ना त्यांच्याकडे."

अडचण होती आणि त्या कळवतही होत्या. सहावीतल्या एका मुलीला अंधेरीत, म्हणजे किल्ल्याच्या त्या काळोख्या बोगद्यात, दम लागला होता. मुलीला दमा आहे हे आम्हाला माहीत होते. तिच्या आईने सकाळी इनहेलर आमच्याच हातात दिला होता आणि तो आमच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. ती मुलगी खाली, औषध वर आणि मधे डोंगर. खाली आमची सहकारी बटण दाबून दाबून बोलत होती आणि तिचा शब्द खडकात जिरत होता. बोगद्यात मोबाइललाही रेंज नव्हती. शेवटी नववीतला एक मुलगा धावत वर आला, पिशवी घेऊन तसाच खाली पळाला. या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली. मुलगी सुखरूप आहे, अल्लाहचे लाख लाख आभार. पण ती पंचवीस मिनिटे आमच्या मनातून अजून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिचे वालिद शाळेत आले. चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. सेटची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, "टीचर, डब्बे पे लिखेली बात आप मान लिये?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. मुलांना आम्ही रोज सांगतो की छापलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते, पडताळून पाहा. आणि स्वतः मात्र एका डब्याच्या भरवशावर दुसऱ्याची लेक मागे ठेवून आलो. मग ठरवले, आता हा विषय मुळापासून समजून घ्यायचा. जे समजले ते वाचकांसमोर ठेवतो. सहल, लग्नघर, उरूस, शेत, हायवेवरचा दोन गाड्यांचा प्रवास अशा निमित्ताने असे सेट आता पुष्कळ घरांत येऊ लागले आहेत.

सिटीझन बँड म्हणजे सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला लहरींचा एक पट्टा. तो 27 मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. अमेरिकेत 1973 च्या तेलटंचाईत ट्रकचालकांनी तो घराघरांत पोहोचवला. डिझेल कोठे मिळते, पोलीस कोठे उभे आहेत, हे ते एकमेकांना याच सेटवरून सांगत. ट्रकवर पुरुषभर उंचीची लवचीक काठी बसवलेली असे, ती त्या सेटची अँटेना. एवढी व्यवस्था असूनही तिथल्या सरकारी खात्याने या सेटची नेहमीची रेंज सांगितली ती एक ते पाच मैल, म्हणजे दीड ते आठ किलोमीटर. मग हातात मावणाऱ्या सेटला दहा किलोमीटर कुठून आले?

याचे उत्तर भूमितीत आहे. पृथ्वी गोल आहे. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात, जमिनीबरोबर फार वाकत नाहीत. त्यामुळे तुम्ही जितके उंच, तितके त्यांचे क्षितिज लांब. वर्गात सांगता येईल असा सोपा हिशेब आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि चारने गुणा. जो आकडा येईल तितके किलोमीटर तुमचे क्षितिज. माणसाने सेट तोंडाशी धरला तर उंची दीड मीटर. वर्गमूळ सव्वाच्या आसपास, क्षितिज पाच किलोमीटर. समोरच्या माणसाचेही पाच. पाच आणि पाच दहा! डब्यावरचा आकडा असाच कोणीतरी काढला असावा. हिशेब चुकलेला नाही. फक्त तो समुद्राच्या दोन काठांवर उभ्या असलेल्या दोन माणसांचा आहे. मधे घर नाही, झाड नाही, टेकडी नाही, खडक तर नाहीच.

दुसरी अडचण अँटेनाची. 27 मेगाहर्ट्झची एक लहर सुमारे अकरा मीटर लांब असते. ती नीट फेकायला लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पावणेतीन मीटरची अँटेना हवी. हातातल्या सेटवर असते जेमतेम वीतभर. तारेचे वेटोळे घालून तिला चालते करतात, पण सेटची बरीचशी ताकद त्यातच वाया जाते.

आणि अंधेरीत आवाज का मेला, तेही याच अकरा मीटरमध्ये आहे. एवढी लांब लहर दोन-अडीच मीटर रुंदीच्या बोगद्यात शिरतच नाही. तोंडाशीच विरून जाते. वरून ओलसर कातळ. ज्यांनी हा बोगदा खोदला त्यांना शत्रूची वाट अडवायची होती. आमच्या हाकेचीही वाट त्याने तितक्याच चोखपणे अडवली.

पुष्कळांचा समज असतो की जास्त वॅटचा सेट घेतला की रेंज वाढते. वाढते, पण फार महागात. अगदी मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते. जमिनीलगत, दोन माणसांच्या हातातल्या सेटमध्ये, ती सोळापटीपर्यंत जाते. उलट, त्याच सेटला घेऊन गच्चीवर चढा. पैसा लागत नाही, काम होते. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा मुअज्जिन मिनारावर चढून अजान देत. गळा तोच, पण वर गेल्यावर घरांच्या भिंती आवाजाच्या आड येत नसत. दौलताबादचा चांदमिनार सुमारे 63 मीटर उंच आहे. त्याच्या टोकावर अँटेना लावली तर आमच्या हिशेबाने क्षितिज बत्तीस किलोमीटरवर जाते. दूरदर्शनचा मनोरा शहरात न उभारता म्हैसमाळच्या डोंगरावर उभारला तो याचसाठी.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही स्वतः पाहायचे ठरवले. एका रविवारी आम्ही आणि आमचा भाचा तेच दोन सेट घेऊन निघालो. पहिल्यांदा जुन्या शहरात. आम्ही शहागंजच्या घड्याळाखाली उभे, भाचा सिटी चौकाकडे चालत निघाला. गल्ल्या, तीन मजली घरे, पत्र्याची दुकाने, विजेच्या तारा. अर्ध्या किलोमीटरनंतर शब्द तुटू लागले, किलोमीटर भरायच्या आत फक्त खरखर उरली. मग त्याला एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर चढवले. तोच सेट, तेच सेल, पण आवाज परत आला! नंतर जालना रोडच्या पुढे, मोकळ्या शेतांच्या बाजूला गेलो. तिथे तीन किलोमीटरपर्यंत बोलणे समजत होते.

शेवटी दौलताबाद. आम्ही पुन्हा बारादरीवर चढलो, भाचा मोटारसायकलवर शहराच्या रस्त्याला लागला. टी-पॉइंटवरून त्याचा आवाज असा आला, जणू शेजारी बसून बोलतो आहे. मिटमिट्यापर्यंत तुटक का होईना, तो ऐकू येत राहिला. म्हणजे डब्यावरचा आकडा साफ खोटा नव्हता. डोंगराच्या माथ्यावरून, मोकळ्या वाटेने, तो बराचसा खरा ठरत होता. आणि त्याच डोंगराच्या पोटात, दोनशे पावलांवर, तोच सेट मुका झाला होता. "किती किलोमीटर?" हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवे, "आपल्या दोघांच्या मधे काय आहे?"

कोणी सांगेल, आमच्या मामूंनी अशाच सेटवर हजारो किलोमीटरवरचा माणूस ऐकला. तेही खरे असू शकते. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर वातावरणाचे विद्युतभारित थर आहेत. सूर्यावरचे डाग वाढतात, दर अकरा वर्षांनी त्यांचा जोर येतो, तेव्हा 27 मेगाहर्ट्झची लहर त्या थरांवरून परतून दूरदेशी उतरते. पण हा पाहुणा आहे. केव्हा येईल आणि केव्हा उठून जाईल, सांगता येत नाही. मजा म्हणजे तेव्हा परदेशातले बोलणे ऐकू येते आणि पलीकडच्या गल्लीतले येत नाही. मुलांची जबाबदारी पाहुण्यावर टाकता येत नाही.

आता कायद्याचे दोन शब्द, कारण यात भले लोक नकळत अडकतात. बिनतारी सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, हा नियम आपल्याकडे 1933 च्या कायद्यापासून आहे. सूट आहे ती ठराविक पट्ट्यांना. 2005 च्या नियमांनी 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा सिटीझन बँड 5 वॅटच्या मर्यादेत मोकळा केला. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे सेट मोकळे केले. बाजारात मिळणारे कित्येक "लांब पल्ल्याचे" सेट या दोन्हींच्या बाहेरचे असतात. पोलीस, रुग्णवाहिका, विमाने यांच्या लहरींमध्ये ते शिरू शकतात. म्हणूनच 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला परवाना लागतो का, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तेव्हा घेण्याआधी डब्यावरचे किलोमीटर सोडा, मेगाहर्ट्झ वाचा. ते लिहिलेलेच नसतील तर सेट स्वस्त असला तरी घेऊ नका. आपल्या मुलाच्या खिशात काय आहे हे रस्त्यावर थांबवल्यावर कळण्यापेक्षा घरातच कळलेले बरे. ज्या मुलांना या विद्येची खरी गोडी असेल त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा सरळ मार्ग आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही सरकारी परीक्षा देऊन त्याचा परवाना मिळतो.

ज्यांच्या घरी सेट आहेत त्यांनी एवढे जरूर करावे. निघण्याआधी, जिथे वापरायचा आहे तिथेच तो चालवून पाहावा. दरवाजाजवळ नाही, जिथे तो बंद पडण्याची भीती आहे तिथे. आम्ही महाकोट दरवाजाजवळ पाहिला आणि तिथेच फसलो. वस्तीत एक किलोमीटरपेक्षा जास्त धरू नये. बोलताना सेट उभा धरावा, अँटेनाला हात लावू नये, जमले तर दोन पावले उंचावर जावे. आणि उत्तर आले नाही तर "सगळे ठीक असेल" असे कधीही समजू नये. शांततेचा अर्थ काय धरायचा हे आधीच ठरवून ठेवावे: दहा मिनिटे आवाज आला नाही तर पुढच्याने थांबायचे आणि एकाने मागे जायचे.

यंदाची सहल पुढच्या महिन्यात आहे. दोन्ही सेट बरोबर असतील, कारण ते वाईट नाहीत, त्यांच्याकडून आम्ही नको ती अपेक्षा केली होती. प्रत्येक तुकडीकडे शिट्टी असेल. अंधेरीच्या दोन्ही तोंडांशी एकेक शिक्षक उभा राहील आणि शेवटचे मूल बाहेर येईपर्यंत हलणार नाही.

ती मुलगी आता सातवीत आहे. तिच्या वालिदांनी परवानगीच्या कागदावर सही करून दिली, तेव्हा आमची मान खाली गेली. त्यांनी या वेळी काही विचारले नाही, आम्हीच सांगितले, "भाईसाहब, इनहेलर पिशवीत नाही, तिच्या खिशात राहील."