प्रात्यक्षिकाच्या गुणांत चाचणीलाही जागा द्या

राज्यातील विद्यापीठांच्या संगणक अभियांत्रिकी अभ्यास मंडळांच्या सदस्यांना,



बाह्य परीक्षक म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेला गेलो की बायनरी सर्चचा प्रोग्रॅम हमखास समोर येतो. १०, २०, ३०, ४०, ५० असे पाच आकडे, त्यांत ३० शोधायचा. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीला म्हटले, “आता ५० शोधून दाखव.” प्रोग्रॅम लूपमध्ये अडकला, बाहेरच येईना. मधला आकडा लहान निघाला की खालची हद्द त्याच्या एक घर पुढे न्यायची असते. तिने ती मधल्यावरच ठेवली होती. ३० पहिल्याच फेरीत सापडतो, म्हणून चूक कधी दिसलीच नव्हती. ती रडवेली होऊन म्हणाली, “सर, जर्नलमध्ये ३०च आहे.” खरेच होते. खाली शिक्षकांची सहीही होती.

मी तिला दोष देणार नाही. हा प्रोग्रॅम भल्याभल्यांना चकवतो. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षे एक दोष दडून होता. सॉफ्टवेअर अभियंते जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली त्यावर लिहिले. दोन टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागायचे, एवढीच ती ओळ. पण ॲरे सुमारे १०७ कोटी घटकांपर्यंत गेला की ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ ची मर्यादा ओलांडून ऋण होऊ शकते. तीच ओळ मी आजही जर्नलांत पाहतो.

शेवटच्या वर्षाला टेस्टिंगचा वेगळा विषय ठेवून हे सुटत नाही. तिथे ब्लॅक बॉक्स आणि व्हाइट बॉक्सच्या व्याख्या पाठ होतात. हात वळतो तो पहिल्या वर्षी, पहिल्या प्रोग्रॅमवर.

म्हणून विनंती आहे. कोड लिहिण्याआधी विद्यार्थ्याने चाचण्या लिहाव्यात: रिकामा ॲरे, एकच घटक, पहिला, शेवटचा, मुळात नसलेला. त्यांना गुण असावेत. शेजारच्याचा प्रोग्रॅम मोडून दाखवणाऱ्यालाही गुण असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, चाचणी कुठे फसली हे प्रामाणिकपणे नोंदवले तर गुण कापू नयेत. आज मुले फसलेले आउटपुट घाईने पुसून टाकतात, कारण आपण फक्त बरोबर आलेलेच तपासतो.

यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. अभ्यासक्रम पुढच्या वेळी मंजूर कराल, तेव्हा गुणांच्या तक्त्यात चाचणीची एक ओळ घाला.

आपला,
संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक