चिया आधी भिजू द्या

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत २०१४ साली एका ३९ वर्षांच्या माणसाची हकीकत मांडली गेली. त्याला गिळायला आधीपासूनच अधूनमधून त्रास व्हायचा. त्याने चमचाभर कोरडा चिया तोंडात टाकला, वर ग्लासभर पाणी प्यायला आणि बिया अन्ननलिकेतच फुगून बसल्या. शेवटी दुर्बीण घालून तो गोळा हलवावा लागला.

दोष चियाचा नव्हता, घाईचा होता. ही बी आपल्या वजनाच्या दहापट किंवा अधिक पाणी शोषते. सब्जा दोन-चार मिनिटांत फुलतो, चियाला निदान अर्धा तास द्यावा लागतो; रात्रभर भिजवला तर उत्तमच. दोन्ही तुळशीच्याच कुळातले, म्हणून दुकानातही गल्लत होते. सब्जा एकसारखा काळाभोर, तर चिया करडा आणि ठिपकेदार.

चियाचं मूळ घर मेक्सिको आणि ग्वाटेमाला. तिथे आजही लिंबाच्या सरबतात भिजवलेला चिया घालून पितात. त्यामुळे बदामाचं दूध, मेपल सिरप आणि काचेची बरणी नसेल तर चिया खाताच येत नाही, हा समज इन्स्टाग्रामने पसरवलेला. ताकात, दह्यात, नाचणीच्या आंबिलात तो छान मिसळतो. थालीपिठाच्या भाजणीत चमचाभर घातला, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रोज एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १२ ग्रॅम पुरे. त्यातून सुमारे ४ ग्रॅम तंतू, दोन ग्रॅम ओमेगा-३ आणि थोडं कॅल्शियम मिळतं. उष्मांकही साठाच्या आसपास मिळतात, हे मात्र ‘उपाशीपोटी चियाचं पाणी प्या, वजन उतरेल’ म्हणणारे सांगत नाहीत. पोट भरल्यासारखं वाटतं, एवढंच. पण त्यानंतर दोन वडापाव खाल्ले तर बिचारा चिया काय करणार! तंतूंची सवय नसेल तर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी आणि पाणी भरपूर प्यावं, नाहीतर पोट गच्च होतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच खावा.

आता वाशीमकडचे शेतकरीही रब्बीत चिया घेऊ लागलेत, तेव्हा त्याला परका म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण ओमेगा-३ साठीच खायचा असेल, तर वजनाला वजन लावून पाहता जवस त्याच्या पुढेच आहे. जवस मात्र भाजून कुटावा लागतो, अख्खा तसाच बाहेर पडतो. विदर्भात आणि सोलापूरकडे लसूण-तिखट घालून त्याची चटणी भाकरीबरोबर रोज खाल्ली जाते, आणि तिला भिजवत बसावं लागत नाही.