‘तेजस’चे पंख आपले, प्राण कुणाचा?

बुलढाणा जिल्ह्याची पश्चिमेकडील वेस ओलांडली की काही अंतरावर जालना जिल्ह्यातील असई हे गाव लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेशी गाठ पडली. त्यानंतर २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. आजचा बुलढाणा जिल्हा त्याच मुलखात येतो.

असईच्या रणात शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची जी दाणादाण उडविली, तिचे वर्णन पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून मिरविलेल्या वेलस्लीनेच करून ठेवले आहे. त्या तोफा शिंद्यांच्या स्वतःच्या कारखान्यांत ओतल्या जात. एतद्देशीय गोलंदाजांनी तोफांपाशीच देह ठेवले, हेही शत्रूनेच नोंदविले आहे. परंतु त्या कवायती फौजेचे आणि कारखान्यांचे सूत्रचालन युरोपीय अधिकाऱ्यांकडे होते. युद्धाला तोंड लागताच इंग्रजांनी जाहीरनामा काढला आणि शिंद्यांच्या चाकरीतील अनेक गोरे अधिकारी निघून गेले. उत्तरेतील त्यांचा सेनापती पेराँ तर इंग्रजांच्याच आश्रयास गेला. शस्त्र स्वतःचे आणि त्यामागील विद्या भाड्याची, असा तो मामला होता. लढाऊ विमानांच्या खरेदीवरून देशात जो वाद चालतो, त्यात या प्रसंगाची आठवण क्वचितच काढली जाते.

या वादाकडे बुलढाणा जिल्ह्याने परक्यासारखे पाहावे, अशी स्थिती नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे जवान हुतात्मा झाले, त्यात मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांगऱ्याचे नितीन राठोड हे या जिल्ह्याचे दोन सुपुत्र होते. बारा दिवसांनी, २६ फेब्रुवारीच्या पहाटे बालाकोटवर जी विमाने गेली, ती फ्रान्सकडून १९८० च्या दशकात घेतलेली मिराज २००० जातीची होती. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी विमानांना तोंड द्यायला अभिनंदन वर्धमान ज्या विमानातून झेपावले, ते मिग-२१ बायसन होते; म्हणजे ज्याचा मूळ आराखडा १९५० च्या दशकातला, असे विमान. वैमानिकाच्या धैर्याचे देशाने कौतुक केले, ते योग्यच होते. परंतु एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक संपत आले असता त्याला तेच विमान का चालवावे लागले, हा प्रश्न त्या जयघोषात बुडून गेला.

मिग-२१ हवाई दलात आले १९६३ मध्ये आणि निवृत्त झाले २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदीगड येथे. बासष्ट वर्षे! साडेआठशेहून अधिक मिग-२१ या काळात हवाई दलाने वापरली. त्यांनी १९७१ चे युद्ध गाजविले, कारगिलही पाहिले. चारशेहून अधिक विमाने अपघातांत गेली आणि ‘उडती शवपेटी’ हे नाव त्याला चिकटले. हे नाव मात्र काहीसे अन्यायाचे आहे. विमान त्याच्या काळात उत्तमच होते. त्याची जागा घेणारे विमान वेळेवर आले नाही म्हणून त्याला म्हातारपणीही कामावर ठेवले गेले. ते निवृत्त झाले त्या दिवशी हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनांची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या आहे ४२.

यापैकी बरीचशी मिग-२१ विमाने महाराष्ट्राच्या भूमीवर तयार झाली, याचा अभिमान मराठी माणसाला असतो. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये, नाशिकजवळ ओझरला विमानाचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि विद्युत उपकरणे हैदराबादला, अशी ती विभागणी होती. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय ओझरमधून बाहेर पडू लागली. तीन पिढ्यांच्या कामगार-तंत्रज्ञांनी तेथे आपले आयुष्य वेचले आहे.

तरीही एक कठोर प्रश्न विचारला पाहिजे. चाळीस वर्षे शेकडो विमाने बांधणाऱ्या ओझरला स्वतःचे एखादे विमान आखता का आले नाही? उत्तर परवान्याच्या स्वरूपात आहे. परवाना देणारा देश विमान कसे बांधावे ते शिकवितो. ते तसेच का आहे, हे शिकवीत नाही. पंखाचा कोन अमुकच का, पात्याचा धातू अमुकच का, हे ज्ञान मॉस्कोत राहिले. शिजविलेले अन्न वाढायला मिळाले, पाककृती मिळाली नाही. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा मिग विमानांच्या सुट्या भागांसाठी हवाई दलाला किती पायपीट करावी लागली, हे त्या काळातील अधिकाऱ्यांना चांगले स्मरत असेल.

स्वतःचे विमान आखण्याचा प्रयत्न भारताने त्याआधीच केला होता, हे आज विस्मृतीत गेले आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक याच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला आखलेल्या ‘मारुत’ने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. एकूण १४७ मारुत तयार झाली आणि १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर ती लढली. आराखडा ध्वनीपेक्षा वेगवान विमानाचा होता, पण इंजिन तुटपुंजे मिळाले. अधिक शक्तीचे इंजिन विकसित करण्याचा खर्च उचलण्यास ब्रिटन तयार नव्हते आणि भारतानेही हात आखडता घेतला. त्या मानाने किरकोळ रकमेसाठी एका राष्ट्राने आपली विमानविद्या वाऱ्यावर सोडली. १९९० पर्यंत मारुत इतिहासजमा झाले आणि ते आखणारी माणसे पांगली. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागला तो यामुळेच.

त्या प्रकल्पाची चेष्टा करणे हा इंग्रजी वृत्तपत्रांचा अनेक वर्षांचा छंद होता. उशीर झाला हे खरेच. पण त्याची कारणे फारशी कुणी सांगितली नाहीत. मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या होताच अमेरिकेने निर्बंध घातले आणि विमानाच्या नियंत्रण प्रणालीवर तेथे काम करणाऱ्या भारतीय तंत्रज्ञांना परत यावे लागले. ते काम मग भारतातच पूर्ण झाले. डॉ. कोटा हरिनारायण यांच्या नेतृत्वाखालील चमूने ४ जानेवारी २००१ रोजी विमान आकाशात नेले आणि २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याला ‘तेजस’ हे नाव दिले. १९९८ च्या निर्बंधांनी भारताला नियंत्रण प्रणाली शिकविली, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. अपेक्षित रेटा मिळेना, वजन आटोक्यात येईना. अखेर २००८ मध्ये त्याची तेजसपासून फारकत झाली. जेट इंजिनाची पाती ज्या तापमानात फिरतात, त्या तापमानात सामान्य मिश्रधातू वितळून जातो. एकसंध स्फटिकाची पाती ओतणे, त्यांच्या आत केसाएवढ्या थंडाव्याच्या वाटा ठेवणे ही विद्या जगात मोजक्या देशांकडे आहे आणि ती कुणी विकत देत नाही. चीननेही यासाठी कित्येक दशके आणि अपार पैसा ओतला. त्याचे जे-१० विमान दीर्घकाळ रशियन इंजिनावर उडत होते. आज ते चिनी इंजिनावर उडते. पाकिस्तानच्या जेएफ-१७ ला मात्र अजून रशियन इंजिनच लागते.

आणि तेजसला अमेरिकी. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ ‘तेजस मार्क १-अ’ विमानांचा करार झाला. त्यासाठी जीई कंपनीकडे ९९ इंजिनांची मागणी नोंदविली गेली. पहिले विमान मार्च २०२४ च्या सुमारास मिळणे अपेक्षित होते. पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये आले. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा, ६२ हजार कोटींहून अधिक रकमेचा करार झाला आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजसने संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत झेप घेतली. ओझरच्या नव्या उत्पादनरेषेची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. सोहळा देखणा होता. तथापि २०२५ साल सरले तरी मार्क १-अ जातीचे एकही विमान हवाई दलाच्या ताब्यात आले नव्हते.

विलंबाचा सारा दोष अमेरिकी कंपनीवर टाकून मोकळे होणे सोयीचे आहे, पण खरे नाही. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कार्यपद्धतीविषयी आणि संरक्षण प्रकल्पांच्या न पाळल्या जाणाऱ्या मुदतींविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. सेवेतील प्रमुखाने अशी भाषा वापरावी लागते, तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेले असते. स्वदेशीचा शिक्का मारला म्हणून एखाद्या सरकारी कंपनीला जाब विचारायचा नाही, ही भूमिका स्वदेशीच्या कैवाऱ्यांनी तरी घेऊ नये. सरकार आपल्या विचारांचे असले तर हा जाब अधिक मोकळेपणाने विचारता आला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल यांना वीरमरण आले, तेव्हा समाजमाध्यमांवर दोन टोके दिसली. एकाने सारा प्रकल्पच निकालात काढला, दुसऱ्याला प्रश्न विचारणे हाच देशद्रोह वाटला. पहिल्या उड्डाणापासून तोवर तेजस दोनदाच कोसळले होते, हे पहिल्याने लक्षात घ्यावे. चौकशीशिवाय विमान सुधारत नाही, हे दुसऱ्याने.

मग परदेशी विमाने घ्यावीतच कशाला, असा प्रश्न काही निष्ठावंत स्वदेशीवादी करतात. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही त्यांच्याशी सहमत होता येत नाही. शत्रू आपल्या कारखान्याचे वेळापत्रक पाहून चढाई करीत नाही. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये राफेल आणि ब्रह्मोसवाहू सुखोई हाताशी होते म्हणूनच घाव घालता आले, आणि त्या संघर्षात आपलीही विमाने पडली, हे संरक्षण दल प्रमुख अनिल चौहान यांनी सिंगापुरात मान्य केले. समोर चिनी बनावटीची विमाने आणि दूर पल्ल्याची चिनी क्षेपणास्त्रे होती. खरेदी टाळून ती नाहीशी होणार नाहीत.

खरेदीचा इतिहासही काही भूषणावह नाही. या शतकाच्या आरंभी हवाई दलाला आणखी मिराज हवी होती. कारगिलमध्ये त्यांनी आपले मोल सिद्ध केले होते. एकाच विक्रेत्याकडून घेतले तर आरोप होतील, या धास्तीने दिल्लीत निर्णय लांबत गेला. बोफोर्सची सावली प्रत्येक फायलीवर होती आणि ती वाजपेयींच्या काळातही हटली नाही. १२६ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली. त्याच वर्षी मिराजची उत्पादनरेषा बंद पडली. सहा विमानांची परीक्षा होऊन २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, पण करार झालाच नाही. अखेर २०१६ मध्ये ३६ विमाने घेण्यात आली, तीही हवाई दलाला हवी होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये आरोपांच्या याचिका फेटाळल्या. तोवर देशाने राफेलवर जेवढी चर्चा केली, त्याच्या शतांश चर्चाही कावेरीवर केली नव्हती.

राफेल उत्कृष्ट आहे. परंतु त्यावर भारतीय क्षेपणास्त्र चढवायचे तर फ्रेंच कंपनीच्या सहकार्याशिवाय ते होत नाही. प्रणालीची किल्ली तिच्याकडे आहे. तेजसवर ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र बसविताना कुणाची परवानगी मागावी लागली नाही. दोन्हींतील अंतर हे आहे, आणि पुढील प्रत्येक खरेदीत किमतीइतकाच आग्रह या किल्लीचा धरला गेला पाहिजे.

पाचव्या पिढीच्या ‘एएमसीए’ विमानासाठी मार्च २०२४ मध्ये १५ हजार कोटी मंजूर झाले आणि त्याचे इंजिन फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसह विकसित करण्याचा मनोदय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. येथे ओझरची पुनरावृत्ती होणार की नाही, हे कराराच्या मसुद्यात ठरेल. पात्यांची धातुविद्या, आराखड्याचे स्वामित्व आणि पुढे बदल करण्याचा अधिकार भारताकडे येणार काय? हैदराबादच्या धातू संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टर इंजिनासाठी एकसंध स्फटिकाची पाती तयार करून दाखविली आहेत; म्हणजे पाटी कोरी नाही. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून धडपडीने बाहेर पडणारा मुलगा पुण्याच्या संगणक कंपनीत जातो, कारण धातू आणि इंजिनाच्या संशोधनात त्याला वीस वर्षे टिकवून ठेवणारी नोकरी कुणी देत नाही. चीनने अशी माणसे एका इंजिनापाठी आयुष्यभर बसवून ठेवली. कावेरीच्या चमूला निधी किती मिळाला आणि माणसे किती मिळाली, याचा हिशेब संसदेत कुणीतरी मागायला हवा, आणि तो साफ्रानशी करार होण्याच्या आधी.