कोकराला ढेप किती? आणि भाव कोणाच्या डोळ्याने?



खरिपाची ज्वारी ऐन काढणीला पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि व्यापारी ती मातीमोल भावाने मागतो. तीच ज्वारी दाणा चिकातून पिठाळ होताना कापली, कुटी करून खड्ड्यात नाहीतर पिशवीत दाबून हवा कोंडली, तर सहा-सात आठवड्यांत मुरघास तयार. कोकरे पोसायला तो कडब्यापेक्षा सरस, असे आमचे मत आहे.

मक्याचा मुरघास ताकदीला वरचढ, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पण मका पाणी मागतो. ते असते तर आपण कोरडवाहू कशाला म्हणवलो असतो? ज्वारीत चवळी मिसळली तर प्रथिनांची थोडी भर पडते. मात्र ताण बसलेली कोवळी ज्वारी कापू नका, किरळ लागते.

आता ढेपेचा हिशेब. २० किलोचे कोकरू दिवसाला दीड किलो मुरघास खाते. त्यात ७० टक्के पाणीच. कोरडा ऐवज ४५० ग्रॅम, प्रथिने जेमतेम ३० ग्रॅम. एवढ्यावर कोकरू जगते, वाढत नाही. जोडीला २०० ग्रॅम सरकी ढेप आणि १०० ग्रॅम तुरीची चुणी दिली की प्रथिने ९० ग्रॅमच्या घरात जातात, आणि रोज १०० ग्रॅम वजन चढवायला ती पुरतात. दूध पिणाऱ्या कोकराला मात्र सरकी ढेप नको, बाधते.

मग खुराक दुप्पट का करू नये? वजन आणखी चढते, पण प्रत्येक वाढीव मुठीमागे कमी कमी चढते. शिवाय धान्य एकदम वाढवले की पोट आंबते, आंत्रविषाराने चांगले धष्टपुष्ट कोकरूच आधी जाते. लस आधी टोचा, खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

आणि खरी मेख पुढेच आहे. सरकी आपण विकायची, तिचीच ढेप आपण वजनाने विकत घ्यायची, आणि कोकरू मात्र बाजारात नगावर, व्यापाऱ्याच्या डोळ्याच्या अंदाजाने जायचे! चढवलेले दोन किलो त्याच्या अंदाजात बुडाले तर ढेपेचा पैसा कोणी भरून द्यायचा? जिवंत वजनावर, काट्यावर भाव, ही मागणी आम्ही या बैठकीत मांडत आहोत. येताना आपापल्या कोकरांचे काट्यावरचे वजन आणि बाजारात मिळालेली रक्कम लिहून आणा.