ट्रेलरचा ब्रेक आणि गाडीतलं सॉफ्टवेअर: फोर्डच्या ४४ लाख गाड्यांत नेमकं काय अडकलं?

फेब्रुवारी २०२६ मध्ये फोर्डने अमेरिकेत जवळपास ४४ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. एफ-१५०, सुपर ड्यूटी, रेंजर, मॅव्हरिक, एक्सपेडिशन अशी लांबलचक यादी. गंमत म्हणजे या गाड्यांचं इंजिन ठीक आहे आणि त्यांचे स्वतःचे ब्रेकही ठीक आहेत. घोळ आहे तो मागे जोडलेल्या ट्रेलरशी बोलणाऱ्या मोड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये. तो झाला की ट्रेलरचे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर बंद पडू शकतात, आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर तेही लागत नाहीत.

ट्रेलरच्या ब्रेकचं एवढं काय, असं वाटत असेल तर उसाने भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून येणारा ट्रॅक्टर आठवा. ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत असते. अमेरिकेत हाच प्रकार हायवेच्या वेगाने चालतो. योग्य मॉडेल असेल तर एफ-१५० १३,००० पाउंड, म्हणजे ५,९०० किलोच्या आसपास वजन ओढू शकते. गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. एवढं ओझं फक्त पुढच्या गाडीच्या ब्रेकवर थांबवायचं म्हटलं तर थांबायला लागणारं अंतर भलतंच वाढतं, आणि ओल्या रस्त्यावर ट्रेलर आडवा फिरून गाडीलाच वळवू शकतो. म्हणून तर तिथल्या अनेक राज्यांत ३,००० पाउंडांच्या वर ट्रेलर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता हे ब्रेक चालतात कसे ते बघू. ट्रक आणि ट्रेलर यांच्यात ब्रेक ऑइलचा पाइप नसतो, असते फक्त ७ पिनांची एक केबल. ट्रेलरच्या प्रत्येक ब्रेक ड्रममध्ये एक इलेक्ट्रोमॅग्नेट बसवलेला असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रमसोबत थोडा ओढला जातो आणि त्याला जोडलेली दांडी ब्रेक शू दाबते. जास्त करंट, जास्त ब्रेक. करंट किती द्यायचा हे ठरवतो तो ब्रेक कंट्रोलर. तो वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून तिचं प्रमाण कमीजास्त करतो. अनेक अमोलेड फोन स्क्रीनचा ब्राइटनेस असाच कमी करतात, तीच युक्ती.

पूर्वी हा कंट्रोलर म्हणजे डॅशबोर्डखाली स्क्रूने बसवलेला एक वेगळा डबा असायचा. त्याला बॅटरीची वायर, अर्थिंग, ब्रेक लाइटकडून येणारी वायर आणि ट्रेलरकडे जाणारी वायर. बस. गाडी किती जोरात मंदावतेय याचा अंदाज तो आतल्या सेन्सरवरून घ्यायचा. अंदाजच तो, त्यामुळे कधी ब्रेक उशिरा लागायचा, कधी चढ-उतारावर त्याचा गोंधळ व्हायचा. पण डबा बिघडला तर तो काढून दुसरा लावता यायचा.

२००५ च्या सुपर ड्यूटीत फोर्डने हा कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली आणि पुढे बाकीचे ट्रकवालेही त्याच वाटेने गेले. तांत्रिकदृष्ट्या ही सुधारणाच होती, यात वाद नाही. आता कंट्रोलरला अंदाज लावायची गरज उरली नाही. तुम्ही पेडल किती जोरात दाबलं, गाडीचा वेग किती आहे, एबीएस चालू झालंय का, हे सगळं त्याला गाडीच्या आतल्या नेटवर्कवरून, म्हणजे कॅन बसवरून, आयतं कळतं.

फक्त, नेटवर्कवरून मिळणारी माहिती मिळालीच नाही तर?

२०२२ च्या वसंतात याची पहिली मोठी झलक दिसली. फोर्डला सुमारे ३ लाख ९० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण ब्रेक कंट्रोल मोड्यूलच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ट्रेलरला ब्रेक लावण्याचा आदेशच जात नसे. आताचा दोष वेगळा, पण जातकुळी तीच. गाडी सुरू होताना मोड्यूलला पॉवर मिळते, त्या काही क्षणांत दोन गोष्टींचा क्रम चुकला तर मोड्यूलचा गाडीशी संपर्क तुटतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रेस कंडिशन म्हणतो. सोसायटीच्या वॉचमनला एकाच क्षणी एकाने ‘गेट उघड’ आणि दुसऱ्याने ‘गेट लाव’ सांगितलं, तर गेटचं काय होणार हे त्याने कोणाचं शेवटी ऐकलं यावर ठरतं. दहा हजार वेळा क्रम बरोबर लागतो, एकदा लागत नाही.

या जातीच्या बगची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. टेस्टिंगमध्ये तो सापडत नाही, कारण तिथे सगळं सुरळीत सुरू होतं. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की पुन्हा स्टार्ट होते आणि दोष गायब! मेकॅनिक म्हणतो, काही प्रॉब्लेम नाही. फोन हँग झाला की आपण रिस्टार्ट करतो आणि विसरतो, तसंच. फरक एवढाच की फोनच्या मागे पाच टन वजन जोडलेलं नसतं.

कारखान्याच्या कंट्रोलरबद्दल मालकांच्या जुन्या तक्रारीही आहेत, त्या थोडक्यात. मागे ट्रेलर जोडलाय की नाही हे मोड्यूल बऱ्याचदा करंटवरून ओळखतो. एलईडी दिवे फार कमी करंट घेतात, मग जोडलेला ट्रेलरही त्याला दिसत नाही. काही मोठ्या ट्रेलरना विजेवर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात, त्यांच्याशी सुरुवातीच्या अनेक मोड्यूलचं जमत नव्हतं. आणि ७ पिनांच्या सॉकेटमध्ये पाणी शिरून गंज चढला, तर सगळ्यात हुशार सॉफ्टवेअरही हतबल होतं.

माझा आक्षेप कंट्रोलर गाडीत घेण्याला नाहीच. आक्षेप आहे तो दिवे आणि ब्रेक दोन्ही एकाच मोड्यूलच्या भरवशावर सोडण्याला. जुन्या डब्यात ब्रेक गेला तरी ट्रेलरचे दिवे वेगळ्या वायरने चालू राहायचे. आता एक मोड्यूल गप्प झालं की थांबायची ताकदही जाते आणि ‘मी थांबतोय’ हे मागच्या गाडीला सांगायची सोयही. डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेक मोड्यूलच्या बिघाडाचा मेसेज येऊ शकतो किंवा इंडिकेटर भरभर लुकलुकू शकतो. पण तो मेसेज नेमका कशाचा, हे रहदारीत शिरण्याआधी ड्रायव्हरच्या लक्षात यायला हवं.

दुरुस्ती बहुतांश गाड्यांत ओटीए अपडेटने, म्हणजे फोनसारखीच घरबसल्या होणार आहे. हे चांगलंच, नाहीतर ४४ लाख गाड्या सर्व्हिस सेंटरच्या दारात उभ्या करायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. पण अपडेटचं नोटिफिकेशन ‘नंतर’ करून ढकलायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, आणि ती सवय ट्रक घेतला म्हणून सुटत नाही.

तोवर जुन्या ड्रायव्हरांची एक पद्धत उपयोगी पडते. डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेकचं एक हाताने दाबायचं बटण किंवा स्लायडर असतो. मोकळ्या जागेत अगदी हळू गाडी चालवून, पायाने ब्रेक न लावता फक्त तो दाबायचा आणि मागून ट्रेलर ओढल्यासारखा जाणवतो का ते बघायचं. मग उतरून दिवे तपासायचे. दोष गाडी सुरू होतानाचा आहे, त्यामुळे सकाळी केलेली तपासणी दिवसभर पुरत नाही. पेट्रोल भरायला थांबलात आणि इंजिन बंद केलंत, की पुन्हा पहिल्यापासून.