घसरण्यातील तोल

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ‘रोड अटलांटा’ हा १९७० पासूनचा मोटारशर्यतींचा मार्ग आहे. तेथे ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ स्पर्धा प्रथमच पाहणारा प्रेक्षक घड्याळाकडे बघतो; परंतु येथे निकाल घड्याळ देत नाही. दोन मोटारी वळणावर आडव्या घसरत जातात. चालक मागच्या चाकांची पकड मुद्दाम सुटू देतो आणि पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरतो. टायरच्या धुराने मार्ग झाकोळतो. परीक्षक घेतलेली वाट, घसरण्याचा कोन आणि शैली पारखतात. मागच्याने पुढच्याला अगदी खेटून राहायचे. पुढच्या फेरीत भूमिका बदलतात. पुढचा अकस्मात थबकला, तर दोघेही आदळतात. म्हणूनच ज्याला हरवायचे, त्याच्यावरच येथे विश्वास ठेवावा लागतो.